देवकुंड धबधबा, भिरा: गावातला गाईड आणि चुलीवरचं जेवण (सहकुटुंब एक दिवस)

आधी मुद्द्याचं सांगते, मग बाकीचं. देवकुंडला घरच्यांना घेऊन जायचं असेल तर पन्नास-साठ जणांच्या बॅचबरोबर जाऊ नका. आपल्या गाडीने रायगड जिल्ह्यातल्या भिऱ्याला जा आणि गावातलाच एक गाईड फक्त आपल्यासाठी घ्या. आम्ही दिवाळीनंतरच्या आठवड्यात असंच केलं, मी, नवरा, बारा वर्षांची मुलगी, सात वर्षांचा मुलगा आणि सासूबाई, वय बासष्ट. हा रिव्ह्यू धबधब्याचा कमी आणि त्या गाईड दादांचा आणि त्यांच्या घरच्या जेवणाचा जास्त आहे, कारण धबधब्याचे फोटो सगळ्यांनी बघितलेत पण लहान मुलं आणि म्हातारं माणूस घेऊन तिथपर्यंत कसं जायचं हे कोणी नीट लिहीत नाही.

बॅचबरोबर नको असं का म्हणते ते पण सांगते. दोन वर्षांपूर्वी नवरा ऑफिसच्या लोकांबरोबर एका ग्रुपतर्फे गेला होता, नाव घेत नाही. बसमधून साठेक माणसं, लीडर दोन, एक सगळ्यात पुढे आणि एक सगळ्यात मागे, मधली माणसं आपापली. ह्याच्या पुढची एक मुलगी ओढ्यात घसरून पडली, मनगट सुजलं, तर लीडर येईपर्यंत वीस-पंचवीस मिनिटं गेली आणि तोपर्यंत तिच्याजवळ फक्त हे दोघं-तिघं बसून होते. तेव्हापासून घरी देवकुंडचं नाव काढलं की आई लगेच नको म्हणायच्या (सासूबाईंना मी आईच म्हणते).

ह्या वेळी नात्यातल्या एकांकडून भिऱ्यातल्या ह्या दादांचा नंबर मिळाला. मी फोन केला आणि रेट विचारला तर ते म्हणाले, रेट नंतर सांगतो ताई, आधी सांगा लहानात लहान किती वर्षांचं आहे, कोणाचा गुडघा-बिडघा दुखतो का, आणि पायात काय घालून येणार. मला तिथेच बरं वाटलं. आजवर आम्ही कुठल्या कुठल्या पिकनिकचं बुकिंग केलं असेल पण हे प्रश्न आधी कोणी विचारले नव्हते. मी खरं सांगितलं की आईंचा उजवा गुडघा दुखतो. ते म्हणाले आणा त्यांना, जिथवर जमेल तिथवर नेऊ, मध्ये बसायला चांगली जागा आहे. आणि मुलाच्या सँडल आणू नका, शाळेचे बूट पण नकोत त्यांचा तळ गुळगुळीत असतो, ग्रिपचे बूट आणा, नवीन नको वापरलेले आणा.

पहाटे पाचला कोथरूडवरून निघालो. चांदणी चौक, पौड, मुळशी, ताम्हिणी घाट, घाट उतरला की विळे आणि तिथून भिरा. रस्त्याबद्दल जास्त लिहीत नाही, घाटात धुकं होतं म्हणून हळू आलो, मुलाला दोनदा मळमळलं, साडेसातला पोचलो. दादांच्या अंगणात गाडी लावली, वहिनींनी पोहे आणि चहा दिला. आठच्या आत चालायला लागायचं असं दादांनी आदल्या दिवशीच बजावलं होतं. सुरुवातीला एका वहीत नाव, गाव, किती माणसं आणि गाईडचं नाव लिहून घेतात, आणि संध्याकाळी परत आल्यावर तिथेच टिक करतात. सात वर्षांचं पोर बरोबर असताना ती वही बघून धीर येतो.

सुरुवातीचा अर्धा-पाऊण तास भिरा धरणाच्या बॅकवॉटरच्या कडेकडेने चालायचं, वाट जवळपास सपाट, एका बाजूला पाणी, समोर सह्याद्रीची उभी भिंत. इथे आई एकदम थांबल्या. त्यांच्या माहेरचं मूळ गाव मुळशी खोऱ्यातलं, धरणात गेलेलं. मुळशीचं पाणी डोंगराच्या पोटातून बोगद्याने आणि मग पाइपातून खाली भिऱ्याच्या पॉवर हाऊसवर सोडतात, १९२७ पासून हे पॉवर हाऊस चालू आहे, आणि वीज करून झाली की तेच पाणी इथे खाली येतं. दादांनी हे सांगितलं तेव्हा आई म्हणाल्या म्हणजे हे आमच्याच गावावरचं पाणी. १९२१ साली त्या धरणाविरुद्ध मुळशी सत्याग्रह झाला, सेनापती बापट त्याचे पुढारी, आईंनी आपल्या आजोबांच्या तोंडून लहानपणी ते सगळं ऐकलेलं. मुलीला शाळेच्या पुस्तकातून सेनापती बापट फक्त नावाने माहीत होते, तिने आजीला चालता चालता इतके प्रश्न विचारले की पहिला टप्पा कधी संपला कळलंच नाही. धबधब्यासाठी गेलो होतो आणि हे मिळालं, आणि दादांना ते माहीत होतं म्हणून मिळालं. पुण्याहून आलेल्या लीडरने सांगितलं असतं असं मला वाटत नाही.

मग जंगल सुरू होतं. नोव्हेंबरमध्ये वाट कोरडी असते पण झाडी अजून दाट हिरवी, आत शिरलं की एकदम गार. वाटेत आडवी जाळी लावून बसलेले ते मोठे कोळी दिसतात, जायंट वूड स्पायडर म्हणतात ते, हाताच्या पंजाएवढे. मुलगा घाबरून माझ्या मागे लपला. दादा खाली बसले, त्याला जवळ घेतलं आणि जाळ्याचा एक सुटा धागा बोटावर घेऊन उन्हात धरला. पिवळाधमक, सोन्याच्या तारेसारखा. मग त्याला हळूच ओढायला लावला, तर तुटेना, ताणला जायचा आणि परत जागेवर. दादा म्हणाले हा माणसाच्या वाटेला जात नाही, आपणच त्याच्या जाळ्यात जातो. त्यानंतर पोरगं प्रत्येक जाळं मोजत होतं आणि वाकून खालून जात होतं, येताना आकडा एकतीसवर होता.

आता ओढे. आमच्या वेळी दोन ठिकाणी पाण्यातून जावं लागलं, पाणी मोठ्यांच्या पोटरीपर्यंत, मुलाच्या गुडघ्याच्या वर. इथे गाईड काय करतो ते नीट बघा, चांगला गाईड कोणता ते इथेच कळतं. दादांनी सगळ्यांना काठावर उभं केलं आणि आधी एकटे पलीकडे जाऊन परत आले. मग सांगितलं, तोंड पाण्याच्या वरच्या अंगाला, काठी पुढे रोवायची, पाय उचलायचा नाही सरकवायचा, एक पाय घट्ट बसल्याशिवाय दुसरा हलवायचा नाही. काळ्या ओल्या दगडावर पाय नको, त्यावर शेवाळ असतं, पांढुरका कोरडा दगड बघायचा किंवा सरळ वाळूत पाय टाकायचा. बूट काढायचे नाहीत, ओले झाले तर होऊ देत. आणि मी मुलाचा हात धरला होता तर म्हणाले ताई हात नाही, मनगट धरा, ओला हात सुटतो, मनगट सुटत नाही, आणि त्यालाही तुमचं मनगट धरू द्या. करून बघा, खरंच किती फरक पडतो. आम्ही आता रस्ता क्रॉस करताना पण तसंच धरतो.

आणखी एक सांगितलं ते सगळ्यांनी लक्षात ठेवावं. इथे वर आभाळ निरभ्र असलं तरी वर घाटमाथ्यावर पाऊस पडला तर खाली ओढ्याचं पाणी अचानक चढतं. आधी खुणा दिसतात, स्वच्छ पाणी गढूळ व्हायला लागतं, काड्या-पाला जास्त वाहून यायला लागतो, आवाज बदलतो. त्यातलं काही दिसलं तर पलीकडे जायचं नाही, आणि पलीकडे असलो तर उंच जागा धरून बसायचं, घाईने परत यायचं नाही. पावसाळ्यात जिल्हा प्रशासन इथे बंदी घालतं ती ह्याच कारणाने, इथे माणसं बुडाली आहेत, वाहून गेली आहेत. बंदी असताना मागच्या वाटेने नेतो म्हणणारे पण भेटतात असं ऐकलंय, कृपया जाऊ नका. दादा म्हणाले बंदीच्या दिवसांत माझं घर भाताच्या शेतीवर चालतं, पण मी कोणाला नेत नाही.

दुसऱ्या ओढ्यानंतर झाडीत एक मोकळी जागा आहे, तिथे गावातल्या एक काकू लिंबू सरबत, काकडी आणि ताक विकतात. इथे दादांनी आईंच्या गुडघ्याकडे बघितलं आणि स्पष्ट सांगितलं, आजी, पुढे मोठे दगड आहेत, चढून जाल तुम्ही पण उतरताना त्रास होईल आणि मग आपल्याला अंधार होईल. आईंनी दोन मिनिटं विचार केला आणि थांबल्या. काकूंनी त्यांना गोधडी घालून दिली. आईंना धबधबा दिसला नाही ही गोष्ट मला अजून लागते, लपवत नाही. वारा फिरला की तिथपर्यंत त्याचा आवाज येत होता एवढंच. पण गोड बोलून पुढे नेलं नाही आणि अपमान होईल असंही बोलले नाहीत, हे फार मोठं आहे. ज्यांच्या घरी गुडघेदुखीवाले आहेत त्यांनी हे आधीच ठरवून जा की इथपर्यंतच येऊ, तेवढं पण खूप सुंदर आहे.

शेवटचा टप्पा दगडांचा, पाऊण तास लागला आम्हाला, मुलीने सगळा स्वतः केला, मुलाला दोन ठिकाणी दादांनी पाठीवर घेतलं.

आणि मग ते. तिन्ही बाजूंनी उभा काळा कडा, गोल, आपण विहिरीच्या तळाशी उभे आहोत असं, आणि वर एका खाचेतून सगळं पाणी एकाच धारेने खाली कुंडात. कुंडाचं पाणी हिरवं-निळं, कडेला तळाचे दगड दिसतात आणि मग एकदम दिसेनासे होतात, तिथून खोल. तुषार इतके की दहा पावलं लांब उभं राहूनही चष्मा ओला. मुलगा काही बोललाच नाही, नुसता वर बघत माझा कुर्ता धरून उभा राहिला. पोरगं एवढं शांत मी कधी बघितलं नव्हतं.

मुलीला पाण्यात जायचं होतं. ती चार वर्षं स्विमिंगला जाते, चांगलं पोहते, म्हणाली कडेकडेने जाते. आमचं दोघांचं मन थोडं पाघळलं होतं खरं तर. दादा नाही म्हणाले नाहीत. त्यांनी एक सुकं पान उचललं, कडेच्या पाण्यावर टाकलं आणि म्हणाले बघ कुठे जातं. पान आमच्याकडे येईल असं वाटत होतं, तर ते भिंतीला लागून कडेकडेनेच उलटं धारेकडे सरकत गेलं, आधी हळू, मग जोरात, फेसात शिरलं आणि गेलं. दुसरं टाकलं, तेही तसंच. मग त्यांनी समजावलं, धार पडते तिथे पाणी खाली जातं आणि फिरून परत तिथेच येतं, शिवाय तो पांढरा फेस म्हणजे पाण्यात हवा मिसळलेली, ते पाणी माणसाला नेहमीसारखं वर धरत नाही, त्यामुळे चांगला पोहणारा पण तिथे खाली जातो, आणि पाणी इतकं गार की दम लगेच लागतो. पोरगी स्वतःहून दोन पावलं मागे आली. ओरडून सांगितलं असतं तर फुगून बसली असती. मग दादांनी खालच्या बाजूला, कुंडातून पाणी बाहेर पडतं तिथे उथळ जागा दाखवली, गुडघाभर पाण्यात दोघं अर्धा तास बसली, ओठ निळे होईपर्यंत, आणि दादा पूर्ण वेळ त्यांच्या खालच्या अंगाला पाण्यातच उभे. मोबाईल हातात नाही, दुसऱ्या गाईडशी गप्पा नाहीत. ह्या अर्ध्या तासाचेच मी त्यांना पैसे दिले असं मला वाटतं.

मग गर्दी सुरू झाली, मोठमोठे ग्रुप, एकाकडे स्पीकर. दादांनी जाऊन शांतपणे बंद करायला लावला, वर कड्याला आग्या मोहोळ असतात म्हणाले, आवाज-धूर-अत्तर काहीच नको. म्हणजे सकाळी लवकर जाण्याचा फायदा किती बघा, आम्हाला जवळजवळ तास सव्वा तास निवांत मिळाला.

येताना आईंना घेतलं. आई आणि त्या काकू तेवढ्या वेळात अशा जुळल्या होत्या की आम्ही आल्यावर आई म्हणाल्या एवढ्यात आलात. काकूंची आजी पण मुळशीकडूनच लग्न होऊन खाली आलेली निघाली.

आता जेवण. तीन वाजता परतलो, भूक काय लागली होती ते विचारू नका. मागच्या पडवीत चुलीवर वहिनी आणि त्यांच्या सासूबाई तांदळाच्या भाकऱ्या करत होत्या. पीठ उकड काढून मळलेलं, परातीत हाताने थापत थापत अशी फिरवायच्या की कड कुठे चिरत नव्हती, तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात, मग उलटून निखाऱ्याला लावायची की टम्म. ती पांढरीशुभ्र भाकरी पानात पडली तेव्हा वाफ निघत होती. बरोबर वालाचं बिरडं, ओल्या खोबऱ्याचं, वाल बरोबर शिजलेले, मेण झालेले पण अख्खे, आणि थोडा गूळ. पिठलं, मिरचीचा ठेचा, कांदा, घरचा भात, पातळ आमटी, पापड. नवऱ्याने आधी सांगून गावठी कोंबडीचा रस्सा करायला लावला होता, तो म्हणतो तिखट होतं पण जळजळ नाही झाली. माझा मुलगा, जो घरी अर्ध्या पोळीवर उठतो, त्याने पिठल्याबरोबर दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि तिसरी मागितली. आम्हाला व्हेज थाळी २०० ला पडली, हवं तेवढं वाढतात, रस्सा वेगळा. गाईडचे दिवसाचे १००० दिले, त्यांनी ८०० सांगितले होते. रेट सीझनप्रमाणे बदलत असणार, फोनवर विचारून घ्या.

जे आवडलं नाही ते पण लिहिते म्हणजे पुढच्यांना उपयोग होईल. एक, दादांनी फोनवर सांगितलं होतं दीड-पावणेदोन तासात पोचाल, आम्हाला वाटेतला आराम धरून पावणेतीन तास लागले. अंतर एका बाजूने पाच-सहा किलोमीटर आहे, गाववाल्यांच्या पायाचा वेळ आणि आपल्या मुलांच्या पायाचा वेळ वेगळा, त्यामुळे मुलं असतील तर तीन तास धरून चला. दोन, त्यांच्याकडे फर्स्ट एड काही नव्हतं, मुलीच्या टाचेला फोड आला तर पट्टी माझ्याकडची. इतका जबाबदार माणूस आहे तर एक छोटा डबा जवळ ठेवायला काय हरकत, मी त्यांना तसं बोलले आणि त्यांनी ऐकून घेतलं. तीन, बायकांसाठी कपडे बदलायची जागा म्हणजे पत्र्याचा आडोसा, आतून कडी नाही, मी बाहेर उभी आणि मुलगी आत असं करावं लागलं. हे एका घराचं काम नाही, तिथे रोज इतकी माणसं येतात आणि प्रत्येकाकडून काही ना काही घेतलं जातं तर दोन नीट खोल्या आणि पाणी असलेली बाथरूम व्हायलाच हवी. चार, जंगलात प्लास्टिकच्या बाटल्या आणि चिप्सची पाकिटं, विशेषतः कुंडाच्या खालच्या दगडांत. दादा येताना एक पोतं भरून आणतात, आमच्या मुलांनी पण भरलं, पण टाकणारे आपणच शहरातले, ते बघून फार वाईट वाटतं.

कधी जायचं ते विचारतील म्हणून, ऑक्टोबरच्या शेवटापासून जानेवारीपर्यंत. नंतर पाणी कमी होत जातं आणि उन्हाळ्यात तर मुलांना घेऊन नकोच. २०१७ च्या मार्चमध्ये भिऱ्याला ४६.५ अंश तापमानाची नोंद झाल्याच्या बातम्या आल्या होत्या, आकड्यावर नंतर शंका घेतल्या गेल्या पण त्या खोलगट भागात उकाडा भयंकर असतो हे गावातले सगळेच सांगतात. शनिवार-रविवार टाळता आला तर टाळा.

कॅश न्या. भिऱ्यात आमच्या दोन्ही मोबाईलना रेंज नव्हती त्यामुळे फोनवरून पैसे जातच नव्हते, शेवटी आईंच्या पिशवीतल्या नोटांवर भागलं. माणशी दोन लिटर पाणी, कोरडे मोजे, एक जादा टॉवेल आणि मुलांसाठी गूळ-शेंगदाणे, एवढं पुरतं, जास्त सामान नको.

पाचपैकी साडेचार देते, अर्धा कापला तो फर्स्ट एड आणि त्या कडी नसलेल्या आडोशासाठी. डिसेंबरच्या शेवटी परत जाणार आहोत, तेव्हा तिकडे पोपटीचे (मडक्यात वालाच्या शेंगा भाजतात ती) दिवस असतात, शेंगा भरल्या की लावू म्हणाले दादा. सरबतवाल्या काकूंनी आईंना खास बोलावलंय, आणि आई आत्तापासून रोज संध्याकाळी सोसायटीला तीन फेऱ्या मारतायत, म्हणतात ह्या वेळी दगडांपर्यंत तरी येईन.